बेसल सेल कर्करोगावरचं मलम: बायोप्सीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

बाबांच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या पात्याखाली एक लालसर डाग होता. किती दिवसांपासून होता ते कुणालाच सांगता येईना, कारण स्वतःची पाठ कुणाला दिसते? दिवाळीच्या आधी त्यांच्या बनियनवर रक्ताचा बारीक ठिपका दिसला, तेव्हा आम्ही नीट पाहिलं. त्याआधी दीड वर्ष त्या डागावर नायट्याचं मलम लावून झालं होतं. दुकानातून मीच आणलं होतं. त्या मलमात स्टेरॉइड होतं, त्यामुळे चार दिवस लाली कमी व्हायची आणि आम्हाला वाटायचं, बरं होतंय.

तो डाग म्हणजे सुपरफिशियल बेसल सेल कार्सिनोमा निघाला. कातडीचा कर्करोग, पण वरच्या थरातच राहिलेला. बाबांवर शस्त्रक्रिया झाली नाही, मलमाचा उपचार झाला आणि सहा आठवडे, आठवड्यातून पाच रात्री ते मलम मी लावलं. त्या काळात मला साध्या मराठीत, क्रमाने लिहिलेलं काही हवं होतं, ते मिळालं नाही. म्हणून हा लेख. एक गोष्ट आधीच सांगते: यातलं काहीही त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून लिहून दिल्याशिवाय करायचं नाही.

आधी डाग ओळखा, मग बायोप्सी

हा कर्करोग बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींपासून सुरू होतो. वरवरचा प्रकार बहुधा पाठ, छाती, खांदे इथे येतो. लालसर, सपाट, वर पापुद्रा धरलेला चट्टा दिसतो आणि तो फार सावकाश वाढतो. उजेडात कडेकडे निरखून पाहिलं तर बारीक, दोऱ्यासारखी, चकाकणारी किनार दिसते. आपल्या सावळ्या कातडीत बऱ्याचदा त्यात काळे-तपकिरी ठिपकेही असतात, म्हणून कुणी तो तीळ समजतं, कुणी मस. लाल असेल तर नायटा, गजकर्ण, इसब किंवा सोरायसिस वाटतो. माझा स्वतःचा निकष आता सरळ आहे: एकच एक चट्टा, खाज फारशी नाही, आणि महिना-दीड महिना मलम लावूनही जात नाही किंवा अधूनमधून खपली निघून रक्त येतं, तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचं. खाजगीत जमत नसेल तर पुण्याच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

आपल्याकडे हा आजार गोऱ्या कातडीच्या देशांच्या मानाने बराच कमी आढळतो, त्यामुळे तो पटकन मनात येत नाही. उन्हाशी त्याचा संबंध आहे. बाबा चाळीसेक वर्षं सकाळी उघड्या अंगाने गच्चीवर सूर्यनमस्कार घालायचे आणि उन्हाळ्यात टिळक तलावावर पोहायला जायचे. डॉक्टरांनी हे विचारलं, लिहून घेतलं, पण त्यानेच झालं असं ठामपणे सांगता येत नाही असंही म्हणाले. आर्सेनिकचाही संबंध आहे. पूर्वी सोमल (म्हणजे आर्सेनिकच) असलेली औषधं दीर्घकाळ घेतली असतील किंवा आर्सेनिक असलेलं विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं असेल, तर अंगावर असे अनेक चट्टे येऊ शकतात. किडनी बदललेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसांना धोका जास्त असतो. यातलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपण होऊन सांगा.

बायोप्सीला घाबरू नका. जागा बधिर करतात, ३ किंवा ४ मिलिमीटरच्या गोल पात्याने चिमूटभर कातडी काढतात आणि एखाद-दुसरा टाका घालतात. बाबा उठून बसले आणि म्हणाले, "झालं? एवढंच?" पाठीवरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

कृपा करून त्याआधी डागावर बिब्बा किंवा चुना-सोडा लावू नका. चामखीळ जाळायचा हा उपाय अजून कित्येक घरांत आहे. त्याने वरची कातडी भाजते, खपली धरते आणि डाग गेल्यासारखा दिसतो. खाली मात्र कर्करोग तसाच राहतो, आणि पुढे बायोप्सीचा अर्थ लावणंही अवघड होऊन बसतं.

रिपोर्टमधला एक शब्द

रिपोर्ट हातात आला की आधी प्रकार शोधा. 'सुपरफिशियल' लिहिलं असेल तर मलमाची चर्चा होऊ शकते. 'नोड्युलर' म्हणजे गाठीचा प्रकार, त्यावर मलम कमी पडतं. 'इन्फिल्ट्रेटिव्ह', 'मॉर्फिआफॉर्म' किंवा 'मायक्रोनोड्युलर' यातलं काही असेल तर मलमाचा विषय तिथेच संपतो, कारण हे प्रकार मुळांसारखे आत शिरतात आणि वरून लावलेलं औषध तिथवर पोचत नाही. मिश्र प्रकार लिहिला असेल तरी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

बेसल सेल कर्करोग शरीरात दुसरीकडे फार क्वचित पसरतो, हे खरं आहे. आम्हाला ते ऐकून हायसं वाटलं. पण जिथे आहे तिथे तो वर्षानुवर्षं आत उतरत जातो आणि नाक, कान, पापणी अशा जागी फार नुकसान करतो.

मलम कुणासाठी, कुणासाठी नाही

इमिक्विमॉड ५ टक्के या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कर्करोगासाठी २००४ मध्ये परवानगी दिली. ती देताना घातलेल्या अटी फार उपयोगी आहेत: माणूस प्रौढ हवा, प्रतिकारशक्ती चांगली हवी, डाग २ सेंटीमीटरपेक्षा मोठा नको, आणि तो धड, मान किंवा हातापायांवर हवा. त्यातून हाताचे पंजे, पावलं आणि गुप्तांगाजवळची जागा वगळली आहे. चेहरा त्या यादीत नाही. नाकाच्या बाजूला, पापणीवर, ओठावर किंवा कानाजवळ डाग असेल तर शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळण्याची शक्यता जास्त. आधी उपचार होऊन परत आलेल्या डागालाही हेच लागू.

आता यश किती येतं ते बघू, कारण निर्णय त्यावरच अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये कमी धोक्याच्या बेसल सेल कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि इमिक्विमॉड यांची तुलना झाली. पाच वर्षांनी शस्त्रक्रियेत ९७.७ टक्के लोकांत उपचार यशस्वी राहिला होता, इमिक्विमॉडमध्ये ८२.५ टक्के लोकांत. नेदरलँड्समध्ये ६०१ रुग्णांवर मलमं आणि प्रकाशोपचार (डागावर औषध लावून त्यावर विशिष्ट प्रकाश टाकायचा) यांची तुलना झाली, ती फक्त वरवरच्या प्रकारापुरती होती. पाच वर्षांनी डागमुक्त राहण्याचं प्रमाण इमिक्विमॉडने ८०.५ टक्के, फ्लुरोयुरॅसिल या दुसऱ्या मलमाने ७०.० टक्के आणि प्रकाशोपचाराने ६२.७ टक्के होतं.

म्हणजे शस्त्रक्रिया वरचढच आहे. पाचातल्या साधारण एकाला मलमाने पूर्ण बरं वाटणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. मग आम्ही मलम का निवडलं? बाबा ७८ वर्षांचे, रक्त पातळ करायची गोळी चालू, पाठीच्या त्या भागात कातडी ताणलेली असल्याने व्रण रुंद होण्याची शक्यता, डाग १४ बाय ११ मिलिमीटरचा, आणि घरात रोज लावायला माणूस हजर. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाठीवर स्वतःच्या हाताने मलम नीट लावता येत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला मी शस्त्रक्रियाच सुचवीन: एकदा होते, काढलेला तुकडा तपासला जातो आणि कडा स्वच्छ आहेत की नाही ते कळतं. मलमात तपासायला हाती काही येत नाही. नंतर नजर ठेवावी लागते.

सुरू करण्याआधीची तयारी

बायोप्सीची जखम पूर्ण भरू द्या. आमचे टाके दिवाळीत निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, अभ्यंगस्नानाला पाठीला उटणं घासू नका आणि आणखी काही दिवस थांबा. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सोमवारी सुरुवात केली. पुण्यात हे हवामानही सोयीचं पडलं. एप्रिल-मेच्या घामात ओली जखम सांभाळणं नको वाटतं.

हिशोब असा: आठवड्यातून ५ रात्री, ६ आठवडे, म्हणजे एकूण ३० वेळा. हे मलम बहुधा एका वेळच्या छोट्या सॅशेत येतं. त्यातलं थोडंच लागतं, पण एकदा फोडलेलं सॅशे दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, उरलेलं टाकून द्यायचं. म्हणून ३० सॅशे धरा आणि सुरुवात करण्याआधीच दुकानदाराला सांगून सगळे मागवा. मधेच संपलं आणि तीन दिवस मिळालं नाही, असं व्हायला नको. सॅशेवर '५ टक्के' वाचून घ्या, शेवटची तारीख बघा. २५ अंशांच्या वर तापेल अशा जागी ठेवू नका, फ्रीझरमध्येही नको.

सोमवार ते शुक्रवार लावायचं, शनिवार-रविवार सुट्टी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लावलेल्या प्रत्येक रात्रीला बरोबरची खूण करत गेले. पहिल्या दिवशी नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी डागाशेजारी धरून फोटो काढला, आणि पुढे दर रविवारी सकाळी त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून. डॉक्टरांना दाखवायला हे फोटो फार कामाला आले, कारण 'जास्त लाल झालंय' या शब्दांनी काहीच कळत नाही.

रोज रात्रीचं काम

झोपायच्या आधी लावायचं आणि साधारण ८ तास राहू द्यायचं. आमचा क्रम असा होता.

बाबा स्टुलावर पाठ करून बसायचे. आधी माझे हात साबणाने धुवायचे. डाग आणि भोवतालची जागा सौम्य साबण व पाण्याने पुसून घ्यायची, मऊ पंचाने टिपायची, घासायचं नाही. मग पूर्ण कोरडी होऊ द्यायची. या वेळात आमच्या गप्पा व्हायच्या. घाई करून ओलसर कातडीवर मलम लावू नका.

मग हातमोजा. सॅशे फोडून बोटावर थेंब घ्यायचा. किती, याला माप आहे: डाग अर्धा ते १ सेंटीमीटर असेल तर ४ मिलिमीटरचा थेंब, १ ते दीड सेंटीमीटरला ५ मिलिमीटरचा, दीड ते २ सेंटीमीटरला ७ मिलिमीटरचा. पट्टी घेऊन रोज थेंब मोजणं जमत नाही, म्हणून मी डबे उघडून बघितले. पहिला थेंब मुगाएवढा, दुसरा मसुरीएवढा, तिसरा हरभऱ्याएवढा. आमचा मसुरीचा. पहिल्या आठवड्यात मी मसुरीचा एक दाणा शेजारी वाटीत ठेवायची.

हा थेंब डागावर आणि डागाच्या कडेबाहेर चहूबाजूंनी १ सेंटीमीटरपर्यंत लावायचा. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी बहुतेक त्या कडेतच असतात. लोक नेमके इथे चुकतात, लाल दिसतं तेवढंच रंगवतात. मलम दिसेनासं होईपर्यंत हलक्या हाताने जिरवायचं. पांढरा थर उरला तर थेंब मोठा झाला असं समजा. जास्त लावल्याने लवकर बरं होत नाही, कातडी मात्र जास्त सोलवटते.

वर प्लास्टिक किंवा चिकटपट्टी लावून हवाबंद करायचं नाही. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती बनियन पुरतं. फारच ओलं असेल तर डॉक्टरांना विचारून सुटं सुती गॉज ठेवता येतं. हातमोजा काढून हात पुन्हा धुवायचे, मग कशालाही हात लावायचा, विशेषतः डोळ्यांना. सकाळी ती जागा साबणाच्या पाण्याने धुवायची. दिवसा त्यावर ऊन पडू द्यायचं नाही. बाबांचे उघड्या अंगाचे सूर्यनमस्कार तेव्हापासून सदऱ्यात आले.

एखादी रात्र राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही. नेहमीचं चालू ठेवायचं.

आठवड्यागणिक काय दिसतं

इमिक्विमॉड पेशींना थेट मारत नाही. ते कातडीतल्या रोगप्रतिकारक पेशींना जागं करतं, त्या इंटरफेरॉनसारखी द्रव्यं सोडतात आणि आपलीच प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. म्हणून लाली येणं, सूज, खपली हे औषध काम करत असल्याचं लक्षण असतं. हे मला डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी मी घाबरले.

पहिल्या आठवड्यात काहीच नाही. बाबा म्हणाले, "हे पाणीच दिसतंय." दुसऱ्या आठवड्यात गुलाबी कडा आली आणि खाज सुटली. तिसऱ्यात जागा लाल भडक झाली, मधला भाग सोलवटला आणि लस वाहून बनियनला चिकटू लागली. शेजारी दोन बारीक जागी, जिथे आम्हाला डाग कधी दिसलाच नव्हता, तिथेही लाली उठली. रात्री कुशीवर झोपायला सांगितलं. बनियन ओढून काढायचं नाही, कोमट पाण्याने भिजवून सोडवायचं.

चौथ्या आठवड्यात चुरचुर सहन होईना, तेव्हा फोटो पाठवले. डॉक्टरांनी चार दिवस थांबायला सांगितलं, साधं पेट्रोलियम जेली लावायला सांगितलं आणि पुन्हा सुरू करायला लावलं. अशी काही दिवसांची विश्रांती चालते. पण ती डॉक्टरांनी द्यायची, आपल्या मनाने नाही. त्या चार दिवसांत शेजारच्या काकूंनी हळद सुचवली, एका नातेवाइकांनी तेच जुनं नायट्याचं मलम. दोन्ही नको म्हटलं. स्टेरॉइडचं मलम तर अजिबातच नको, कारण जी प्रतिकारशक्ती आपण जागी करतोय तिलाच ते झोपवतं.

उलट, तीन आठवडे झाले तरी कातडीवर काहीही उमटलं नाही, तर तेही डॉक्टरांना कळवा. प्रतिक्रिया जोरात येणाऱ्यांत यश जास्त दिसतं, पण कमी आली म्हणजे उपचार फुकट गेला असं ठरवू नका.

लगेच फोन करायची वेळ

ताप, अंग दुखणं, कणकण, खूप थकवा ही फ्लूसारखी लक्षणं काहींना येतात. काखेत गाठ येऊ शकते. हे कळवायचंच, बहुधा थोडी विश्रांती दिली की उतरतं. पू, वास, जागेबाहेर पसरत जाणारी गरम लाली आणि वाढत जाणारा ठणका हे मात्र जंतुसंसर्गाचं असू शकतं. ते फोटोवर भागवू नका, जाऊन दाखवा. ज्यांना संधिवातासारखा स्वयंप्रतिकाराचा आजार आहे, त्यांनी हे मलम सुरू करण्याआधीच सांगायला हवं.

डॉक्टरांनी फ्लुरोयुरॅसिल दिलं तर

हे दुसरं मलम, ५-एफयू म्हणतात ते. पेशींना डीएनए बनवायला लागणारी एक पायरी ते अडवतं, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात. या कर्करोगासाठी ५ टक्क्यांचं वापरतात. कमी टक्क्याची ट्यूबही मिळते, ती या कामाची नाही, तेव्हा आकडा वाचूनच घ्या. हे दिवसातून दोनदा, निदान ३ ते ६ आठवडे लावतात, कधी १० ते १२ आठवडेही लागतात. सोलवटणं इथेही होतं.

गर्भवती स्त्रीने हे वापरायचं नाही, आणि दुसऱ्याला लावायचं काम घरातल्या गर्भवती बाईकडे देऊ नये. शरीरात डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतः नसलेल्यांना ते धोक्याचं आहे. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर ट्यूब कपाटात बंद ठेवा आणि लावलेली जागा चाटू देऊ नका. या मलमाने पाळीव प्राणी दगावलेले आहेत.

मलम संपल्यावर

शेवटची खूण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केली. पुढचे दोन-तीन आठवडे जागा लालच होती, मग खपल्या गळल्या. निकाल तेव्हा बघायचा नसतो, कारण सूज आणि कर्करोग यांतला फरक कळत नाही. मलम संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी डॉक्टर डरमोस्कोपने, म्हणजे दिव्याच्या भिंगाने तपासतात आणि शंका असेल तर पुन्हा बायोप्सी करतात. आमची ती तपासणी होळीनंतरच्या आठवड्यात झाली. डाग नव्हता. तिथे रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, फिकट पांढुरका गोल राहिलाय. आपल्या कातडीवर असं पांढरं किंवा काळपट राहणं नेहमीचं आहे, कधी ते कायमचंही राहतं.

जे परत यायचे ते बहुतेक पहिल्या वर्षात येतात, म्हणून पहिल्या वर्षीची एकही तपासणी चुकवू नका, आणि त्यानंतरही वर्षातून एकदा दाखवत राहा. कधी कधी वरची कातडी छान दिसते आणि खाली बारीक गाठ वाढते, तेव्हा नुसतं बघून भागत नाही, बोट फिरवूनही पाहायचं. एकदा हा कर्करोग झालेल्याला दुसऱ्या ठिकाणी नवा होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे डॉक्टर पूर्ण अंग तपासतात, पायाच्या बोटांपासून कानामागपर्यंत.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा अंघोळीनंतर खिडकीशी पाठ करून उभे राहतात. मी तो पांढरा गोल बोटाने चाचपते, मग मानेपासून कंबरेपर्यंत सगळी पाठ बघते. मागच्या महिन्यात उजव्या बाजूला एक लालसर ठिपका दिसला, मी पट्टी धरून फोटो काढला. तीन मिलिमीटर. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे.